टीव्हीवरच्या लोहारकामाच्या स्पर्धेत उतरावं का? सुऱ्या घडवणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी सांगा

कऱ्हाडकर (ग्रीन्सबरो, नॉर्थ कॅरोलिना)

नमस्कार मंडळी. मी इथे फारसं लिहीत नाही. मागे विळीच्या चर्चेत दोन-चार वेळा बोललो तेवढंच. आज सल्ला हवाय म्हणून सविस्तर लिहितोय.

दिवसा मी एका कारखान्यात सीएनसी मशिनं सांभाळतो. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये सुऱ्या घडवतो. २०१२ पासून हे चालू आहे. आजोबांचं कऱ्हाडजवळच्या गावात लोहाराचं दुकान होतं. मे महिन्याच्या सुट्टीत भाता ओढायचं काम माझ्याकडे असायचं. पेरणीच्या तोंडावर शेवटायला, म्हणजे टोक-धार नव्याने काढून घ्यायला आलेल्या कुदळी आणि फाळ यांची रांग दारात लागलेली असे, आणि आजोबा कुणाशी न बोलता रंग बघत बसायचे. त्या वेळी मला वाटायचं ते रागावलेत. पोलादाचा रंग बघताना माणूस बोलूच शकत नाही, हे मला इथे येऊन, चाळिशीत कळलं.

मी मुख्यतः स्वयंपाकाच्या सुऱ्या करतो, आणि इथल्या मराठी घरांसाठी खवणीसकट विळ्या. वर्षाला तीसेक नग होतात.

गेल्या आठवड्यात लोहारकामाच्या एका टीव्ही स्पर्धेसाठी माणसं निवडणाऱ्यांचा मेल आला. स्पर्धेचं नाव लिहीत नाही. पण या सगळ्या प्रकाराची सुरुवात जून २०१५ मध्ये हिस्टरी चॅनलवर 'फोर्ज्ड इन फायर' आल्यापासून झाली, हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत आहे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: चार लोहार असतात. पहिल्या फेरीत साधारण तीन तासांत पातं घडवायचं, मग मूठ बसवायची, मग परीक्षक ते पातं कशाकशावर आपटून बघतात. दर फेरीला एक जण घरी जातो. उरलेले दोघे आपापल्या भट्टीवर चार-पाच दिवसांत एखादं ऐतिहासिक हत्यार करतात आणि जिंकणाऱ्याला दहा हजार डॉलर मिळतात.

त्या कार्यक्रमाने आमचं भलंच केलं, हे आधी सांगतो. मी शिकायला लागलो तेव्हा आमच्या भागातल्या 'हॅमर-इन'ला, म्हणजे लोहारांच्या मेळाव्याला, पंधरा माणसं यायची आणि त्यातल्या बारांचे केस पांढरे असायचे. २०१७ साली तिथेच गाड्या लावायला जागा उरली नाही. पंचविशीतली मुलं, तीन बायका, आईला घेऊन आलेला सोळा वर्षांचा एक मुलगा. माझ्या वहीत एका वेळी तीन-चार मागण्या असायच्या, त्या सव्वीसवर गेल्या. पूर्वी 'मी सुऱ्या बनवतो' म्हटलं की ऑफिसातला माणूस जरा दचकायचा. आता तो खुर्ची ओढून बसतो आणि विचारतो, कुठलं पोलाद वापरता?

मग माझ्या मनात खटकतंय काय, तर दोन गोष्टी.

एक. शार्लटच्या एका गृहस्थांनी माझ्याकडून आठ इंची सुरी घेतली. पाठीला दोन मिलिमीटर आणि धारेकडे इतकी बारीक की कांदा कापताना हाताला काही लागतच नाही. दीड महिन्यात परत आली. धारेचा मुगाएवढा तुकडा उडालेला. त्यांनी तिने नारळ फोडला होता. माणूस भांडखोर नाही, उलट फार ओशाळला होता. म्हणाला, टीव्हीवर तर हाडं फोडतात, बर्फाच्या लादीवर मारतात, मला वाटलं चांगली सुरी असली म्हणजे काहीही तोडते. मी ती चार तास घासून परत धारेवर आणली आणि पैसे घेतले नाहीत. पण ज्या माणसाच्या आईने आयुष्यभर नारळ कोयत्याने फोडला आणि विळीवर खोवला, त्याला हे मी कसं समजावायचं? घरात कुठल्या कामाला कुठली धार, हे ज्ञान आपल्याकडे होतं. ते दहा मिनिटांच्या चाचणीने पुसलं गेलं.

दोन. किंमत. साडेतीनशे डॉलर सांगितले की आता प्रश्न येतो, "तीन तासांचंच तर काम ना?" मी एका सुरीची वेळ लिहून ठेवली आहे. घडवणं दोन तास, ग्राइंडरवर चार, पाणी द्यायला, म्हणजे तापवून तेलात बुडवून पातं कडक करायला, एक अख्खी संध्याकाळ, हाताने पॉलिश कागद मारायला पाच तास, मूठ, म्यान, शेवटची धार. सगळं मिळून अठरा. त्यातलं पडद्यावर दाखवण्यासारखं पहिले दोनच.

माझे गुरू एकाहत्तर वर्षांचे आहेत. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीचे मास्टरस्मिथ, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या पायरीचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, तुझं तू ठरव. बायको म्हणते जा, मुलीला कौतुक वाटेल. पण माझ्या हातचं, घाईत केलेलं, मला न आवडलेलं पातं माझ्या नावाने कायम पडद्यावर राहणार, हा विचार काही जात नाही. आजोबांनी घाईत केलेला कोयता कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नाही.

तुम्ही काय बघितलंत? टीव्हीमुळे या कामाचं काय झालं? आणि मी जावं का?

मार्टेन्साइट (मिशिगन)

कऱ्हाडकरदादा, मी पुण्यात धातुशास्त्र शिकले आणि इथे एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात काम करते. त्यामुळे तुमच्या 'पाणी द्यायला एक अख्खी संध्याकाळ' या वाक्यावरच थांबले. सगळा प्रश्न मला तिथेच दिसतो.

पडद्यावर काय दिसतं? लाल पातं तेलात जातं, ज्वाळा उठते, सगळे श्वास रोखतात, पातं वाकडं झालं नसेल तर टाळ्या. ते खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण तेलातून निघालेलं पातं काचेसारखं असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे. ते सुरी होतं पुढच्या चार तासांत. साधारण दोनशे अंश सेल्सिअसला दोन तास, थंड करायचं, पुन्हा दोन तास. याला टेम्परिंग म्हणतात, घरच्या ओव्हनमध्ये होतं. त्यात बघण्यासारखं काहीच नाही. ओव्हनचा दिवा लागलेला आणि माणूस शेजारी चहा पितोय. म्हणून ते कधी नीट दाखवलं जात नाही. आणि नवशिक्यांची जी पाती आमच्याकडे 'का मोडलं ते सांगा' म्हणून येतात, त्यातली बरीचशी तिथेच चुकलेली असतात. नाहीतर आधी जास्त तापवलेली. १०८४ या साध्या कार्बन पोलादाला साधारण ८१५ अंश पुरतात. लोहचुंबक चिकटायचं बंद होतं ७७० च्या आसपास, त्यापुढे थोडंसंच जायचं. पण कॅमेऱ्यात नारिंगी-पिवळा रंग छान दिसतो, मुलं तोच बघून शिकतात, आणि मोडलेल्या जागी कण साखरेसारखे मोठे दिसतात. तुमचे आजोबा गप्प बसून रंग बघायचे म्हणालात ना, ते हेच बघत होते.

दुसरं, जीवाचं. ३० नोव्हेंबर २०१७ ला न्यूयॉर्क राज्यात, अल्बनीजवळच्या कोहोज नावाच्या गावात एका हौशी माणसाने घरामागे पिंपात आग पेटवून लोखंड वाकवायचा प्रयत्न केला. टीव्हीवर बघून करतोय असं त्याचं म्हणणं बातम्यांत आलं होतं. वारा होता. वीसहून जास्त इमारतींना आग लागली किंवा झळ पोचली. गावाच्या इतिहासातली सगळ्यात वाईट आपत्ती, असं महापौर म्हणाले. मी हे कार्यक्रमाच्या माथी मारत नाही. पण भट्टी कुठे मांडायची, वारा किती असला की पेटवायचीच नाही, हे आपल्याकडे पोराला भाता हातात द्यायच्या आधी शिकवतात. आग तर निदान दिसते. ग्राइंडरची धूळ दिसत नाही, ती वीस वर्षांनी छातीत दिसते. दादा, तुम्ही मास्क लावता ना? कागदाचा नाही, फिल्टरवाला.

आणखी एक, जे मला मराठी माणूस म्हणून बोचतं. आज ज्या नक्षीदार पोलादाला सगळे दमास्कस म्हणतात ते दोन पोलादांचे थर जोडून केलेलं असतं, म्हणजे १०८४ आणि निकेल असलेलं १५एन२० घेऊन. सुंदर असतं, करायला अवघडही असतं. पण ज्या जुन्या तलवारींवरून हे नाव आलं त्या आपल्या दख्खनच्या आणि दक्षिणेच्या मुशीतल्या पोलादाच्या होत्या. तेलंगणात निजामाबादकडे कोनासमुद्रम म्हणून गाव आहे, तिथवर इराणी व्यापारी हे पोलाद घ्यायला यायचे. त्यातली नक्षी थरांची नव्हे, मुशीत गोठलेलं पोलाद पुन्हा पुन्हा तापवून घडवताना उमटणाऱ्या कार्बाइडच्या, म्हणजे कार्बनच्या कठीण कणांच्या पट्ट्यांची. १९९०च्या दशकात आयोवाचे प्राध्यापक व्हरहोवन आणि फ्लोरिडाचे लोहार आल पेंड्रे यांनी मिळून ती पुन्हा करून दाखवली, आणि व्हॅनेडियमसारख्या धातूच्या अगदी नखभर अंशाने ती कशी पडते ते मांडलं. एक प्राध्यापक आणि एक लोहार! टीव्हीने दमास्कस हा शब्द घराघरात नेला, पण कोनासमुद्रमचं नाव काही नेलं नाही.

जायचं की नाही, मी सांगणार नाही. गेलात तर एवढं करा, कॅमेऱ्यासमोर कुणीतरी विचारेलच की पुढे काय, तेव्हा 'आता ओव्हन' म्हणा. कापलं तर कापलं.

जुनं गिऱ्हाईक (न्यू जर्सी)

कऱ्हाडकर, मी बनवत नाही, विकत घेतो. १९८३ पासून. त्यामुळे माझं बोलणं गिऱ्हाइकाच्या बाजूने समजा.

पडद्याने या धंद्याला धक्का दिल्याची ही पहिली वेळ नाही. १९८२ ला 'फर्स्ट ब्लड' आला. त्यातली सुरी आर्कान्साच्या जिमी लाइल यांनी केली होती. नामांकित कारागीर, सुरी खणखणीत. पण नंतर पाच-सहा वर्षं बाजारात जिकडेतिकडे पोकळ मुठीच्या, मुठीत काडेपेटी आणि गळ ठेवलेल्या सुऱ्या. मीही एक घेतली. पातं मुठीत जेमतेम बोटभर शिरलेलं. पहिल्याच लाकडावर निखळलं. मग ती लाट ओसरली. लाइलसारख्यांची कामं आज संग्रहात आहेत आणि त्या पोकळ मुठी कचऱ्यात गेल्या. टीव्हीच्या लाटेचंही असंच होत आलंय.

दमास्कसचंच बघा. पाकिस्तानातल्या वजीराबादहून येणारी पाती इथे ऑनलाइन वीस-तीस डॉलरला मिळतात. त्या गावात पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण या स्वस्त मालात कुठलं पोलाद आहे हे कोणी लिहीत नाही, आणि इथला कुणीतरी त्याला मूठ लावून स्वतःचं म्हणून विकतो. टीव्ही बघून पहिल्यांदा सुरी घेणारा माणूस यातच सापडतो, कारण त्याला नक्षी ओळखता येते, काम ओळखता येत नाही.

पण टीव्हीच्या आधी सगळं छान होतं असंही समजू नका. १९७०च्या सुमाराला अमेरिकेत घडवून सुऱ्या करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. बाकी सगळे पट्टी कापून, घासून करायचे. बिल मोरन यांनी १९७३ ला कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात थरांचं दमास्कस मांडलं, आणि मोठेपणा असा की कृती लपवून ठेवली नाही, सगळ्यांना सांगितली. १९७६ ला त्यांनी ब्लेडस्मिथ सोसायटी काढली, १९८८ ला आर्कान्सातल्या वॉशिंग्टन गावात शाळा सुरू झाली. म्हणजे तुमचे गुरू ज्या परंपरेत आहेत ती मुळात उघड करून सांगण्याचीच आहे. तुम्ही पडद्यावर गेलात तर त्या परंपरेला धक्का लागेल असं मला वाटत नाही.

माझं म्हणाल तर मी स्पर्धा जिंकलेल्या एकाकडून सुरी घेतली आहे आणि पहिल्याच फेरीत घरी गेलेल्या एकाकडूनही. दुसरी जास्त चांगली आहे. त्या मुलाला मी विचारलं होतं, तो म्हणाला तीन तासांत मी जे केलं ते माझं काम नव्हतं, पण त्यानंतर दोन वर्षं फोन थांबला नाही. नोकरी सोडली त्याने. मग फोन थांबला तेव्हा पुन्हा नोकरी धरली. हे दोन्ही लक्षात ठेवा. तुमची नोकरी सोडू नका.

पाट्याचं लोखंड (कोल्हापूर जिल्हा)

दादा, आमचं ऊसतोडीच्या कोयत्याचं काम. ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे आणायचे, तापवायचे, घडवायचे. तुमच्याकडे ज्या पोलादाला ५१६० म्हणतात त्याच्याच जवळचं. त्या कार्यक्रमाची क्लिप आमच्या पोरांनी मोबाइलवर दाखवली. वडील अर्धा तास बघत बसले आणि म्हणाले, ही माणसं तीन तास घेतात एका नगाला? आम्ही दिवसाला किती काढतो ते तुम्हाला सांगायला नको.

पण चांगलं एक झालं. पोरगा दहावीनंतर भट्टीकडे फिरकत नव्हता. ते बघून आला आणि घण उचलला. आता किचनच्या सुऱ्या करतो, दोन हॉटेलांची ऑर्डर आहे.

वाईट असं की आता रोज एखादा कॉलेजचा पोरगा येतो आणि म्हणतो, मामा, तलवार करून द्या, रील करायचीय. आम्ही सरळ नाही म्हणतो. शस्त्र कायद्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्याराचा प्रश्न येतो, घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यात सोडलेली आहेत. कोयता शेतीचा म्हणून चालतो, पण आजकाल कोयत्याच्या बातम्या कशा येतात ते तुम्ही वाचत असाल. गिऱ्हाईक ओळखीचं नसेल तर आम्ही गाव आणि कारखान्याचं नाव विचारतो. तुमच्या टीव्हीवर शेवटच्या फेरीत दरवेळी हत्यारच का करायला लावतात? एकदा विळा करायला लावा म्हणावं. विळ्याचा बाक तीन तासांत आणून दाखवा, मग मानू.

तुम्ही जा. लोहाराचं पोर तिथे दिसलं तर आमच्या पोराला बरं वाटेल.

कऱ्हाडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं दोनदा वाचलं, कोल्हापूरच्या दादांचं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

ताई, मास्क लावतो, फिल्टरवाला, पण खरं सांगायचं तर पहिली तीन वर्षं लावला नाही. तुमचं वाचून काल शेडच्या दाराबाहेर मोठ्या अक्षरांत पाटी लावली, आत येणाऱ्या मुलांसाठी.

काल शनिवारी गुरूंकडे गेलो होतो. त्यांनी कपाटातून स्वतःची जर्नीमनच्या, म्हणजे मास्टरस्मिथच्या आधीच्या पायरीच्या, परीक्षेची सुरी काढून दाखवली. म्हणजे सुरी नव्हेच, नव्वद अंशांत वाकलेलं पातं. मंडळींना माहीत नसेल तर सांगतो. त्या परीक्षेत लोंबणारा इंचभर जाडीचा दोर एका घावात तोडायचा, मग दोन इंच बाय चार इंचाची लाकडं दोन वेळा तोडायची, मग त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी ते पातं पकडीत धरून काटकोनात वाकवायचं. मोडता कामा नये. म्हणजे केलेली सुरी स्वतःच्या हाताने संपवायची. इथेही आपटणं-तोडणं आहेच, टीव्हीसारखंच. मी गुरूंना म्हटलं, मग फरक काय? ते म्हणाले, या पात्याला मला सात महिने लागले, आधीची अकरा मोडली, आणि ती मोडताना कुणी बघत नव्हतं.

तिथून गाडी चालवत घरी येताना माझं ठरलं. मला लाज कशाची वाटतेय ते कळलं. हरण्याची नाही. माझ्या मोडलेल्या पात्यांबद्दल तिथे बोलायला वाव नसेल, याची. आणि तेच तर मी मुलांना शिकवतो.

म्हणून आज त्यांना उत्तर लिहिलं. या वेळी येत नाही असं कळवलं. पण तुमच्यापैकी कुणाला पाणी देणं आणि टेम्परिंग यांवर अर्धा तासाचा भाग करायचा असेल तर माझी शेड उघडी आहे, ओव्हनसकट, आणि विळ्याच्या बाकाची स्पर्धा ठेवली तर मी पहिला येईन, असंही लिहिलं. दुसरं वाक्य कोल्हापूरच्या दादांचं आहे, श्रेय त्यांना. उत्तर येईल असं वाटत नाही. मुलीला थोडं वाईट वाटलं. तिला म्हटलं, ये, तुझ्या हाताने एक पातं मोडून बघ. आज दुपारी तिने एक मोडलं, मोडलेली जागा भिंगाखाली धरली आणि म्हणाली, बाबा, साखर. ताई, तुमचाच शब्द. मी तिला तो सांगितला नव्हता. पुढचं पातं ती आणि मी सावकाश तापवणार आहोत, रात्री, दिवे बंद करून, म्हणजे रंग नीट दिसतो.

पाट्याचं लोखंड दादा, तुमच्या मुलाला एक विचारायचंय. तो हॉटेलवाल्यांच्या सुरीला मूठ कुठल्या लाकडाची लावतो? इथे मला शिसव सहज मिळत नाही. आणि मागे ज्या ताईंनी विळी मागितली होती त्यांनी पत्ता कळवावा. खवणीचे दात कापून झालेत, मंगळवारी पोस्टात टाकतो.